गुडघ्यापर्यंतचा नमस्कार

आपल्या संस्कृतीत चरणांना फार मोठं स्थान आहे. माझ्या पंचाहत्तरीच्या समारंभात मात्र बराच वेळ एकही हात तिथवर पोचला नाही. जो तो किंचित झुकायचा आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर थाप मारून मोकळा व्हायचा. त्या गुडघ्यातली गादी कधीच झिजली आहे, त्यामुळे माझ्या तोंडून आशीर्वादाऐवजी "आई गं" निघायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी आदराची धाव हल्ली गुडघ्यापर्यंत.

"अरे, खाली नडगी, पोटरी, घोटा एवढा मुलूख ओलांडला की मग पाऊल येतं," मी वैतागून पुतण्याला सांगितलं.

"काका, जीन्स घट्ट आहे. पोचला समजा."

त्याच्यामागून माझी धाकटी बहीण शालू आली. ती थेट खाली बसली आणि तिनं माझ्या पावलांवर डोकं टेकलं. बराच वेळ ती उठेना. सभागृह गहिवरलं, निवेदकाचा आवाज दाटला, माझेही डोळे भरून आले.

"दादा," ती खालून पुटपुटली, "गुडघा अडकलाय. उठव मला."

मला वाकवेना, म्हणून मी पुतण्याला हाक मारली. त्याची जीन्स अजून घट्टच होती.