झाकणाखालची गळती

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. गाड्या थंड करून देतो म्हणून नव्हे, तर घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणून. बॉनेट उघडलं की आधी तो हात मागे बांधून नुसता ऐकत उभा राहायचा. तेवढ्या वेळात त्याच शेडमध्ये काम करणारा धाकटा भाऊ दुसऱ्या गाडीचं ऑइल बदलून मोकळा व्हायचा. थंडोबाचं म्हणणं एकच. एसीतला गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला, तर कुठून तरी गळालाच असणार. ती जागा न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आणि नेमकं तेच त्याच्या हातून दोनदा झालं होतं.

गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांना सगळे बाईच म्हणत. बाईंच्या यजमानांना मज्जातंतूंचा आजार होता. उकाडा वाढला की त्यांच्या हातापायांतलं बळच जायचं. आठवड्यातून तीनदा बाई त्यांना व्यायामोपचाराला घेऊन जायच्या, आणि अर्ध्या वाटेत एसी गरम वारा फेकू लागायचा. दोन्ही वेळा थंडोबाने सांधे तपासले, साबणाचा फेस लावला, गळती दाखवणारा रंगही सोडला. काही म्हणता काही सापडलं नाही. शेवटी गॅस भरून त्याने गाडी परत दिली. पंधरा दिवस जेमतेम जायचे, की गाडी पुन्हा शेडच्या दारात.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बाई रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. यजमान मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, मानेवर ओला रुमाल. काल वाटेत पाण्याची बाटली त्यांच्या हातातून गळून पडली, असं बाईंनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला दोष द्यायचा म्हणून विचारतेय असं नका समजू. होत नसेल तर सरळ सांगा. मी दुसरी काहीतरी सोय बघते."

"दोष माझाच आहे, बाई," तो म्हणाला. "आजचा दिवस द्या. यजमानांना आत पंख्याखाली बसवू."

त्याने दाबाचे काटे जोडून इंजिन सुरू केलं. दोन्ही काटे खाली. कॉम्प्रेसर टक् करून लागायचा आणि दोन श्वास होतात न होतात तोच सुटायचा. पाइपाला हात लावला तर तो धड गारही नव्हता. गॅस कमी होता, यात शंका नव्हती. गेला कुठे, एवढंच कळत नव्हतं.

"दादा, आतली कॉइल गेलीय," धाकटा म्हणाला. "डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही."

थंडोबाने डॅशबोर्डवरून हात फिरवला. डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे तीन दिवस. गाडी जुनी, प्लास्टिक वाळून कडक झालेलं. एक खाच मोडली की सगळा खडखडाट कायमचा. आणि एवढं करून कॉइल चांगली निघाली तर? साठीला आलो, आता आपले कान आणि डोळेच दगा द्यायला लागले की काय, हा विचार त्याने कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण गेले पंधरा दिवस तो त्याला कुरतडत होता.

तरी कामाला लागायलाच हवं होतं. गॅस खेचायचं मशीन लावून त्याने उरलासुरला गॅस आधी काढून घ्यायचं ठरवलं. मशीन रिकामं करायला धाकट्याला थोडा वेळ लागणार होता, म्हणून काट्यांची नळी सोडून तो पाइपावरच्या गॅस भरायच्या तोंडावर टोपण बसवायला गेला. टोपण आतून बोटाला चिकट लागलं. त्याने ते उजेडात धरलं. आत तेलाचा पातळ थर होता, आणि रबराची बारीक कडी असायला हवी होती ती नव्हतीच.

तो थबकला. टोपण बाजूला ठेवून त्याने उघड्या तोंडावर साबणाच्या फेसाचा एक थेंब सोडला आणि वाकून बघत राहिला. बराच वेळ काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. त्यामागून दुसरा.

थंडोबा खाली उकिडवा बसला आणि हसायला लागला. गळकी होती ती गॅस भरायच्या तोंडातली चिमुकली झडप. तो तपासायला काटे जोडायचा, ते नेमके त्याच तोंडावर. नळी बसली की गळती बंद, नळी काढली की सुरू. आणि काढल्याबरोबर तो इमानाने टोपण लावून ती झाकून टाकायचा; कडी नसलेल्या टोपणातून गॅस मात्र झिरपतच राहायचा. चोर दारातच उभा होता आणि हा घरभर शोधत होता.

त्याने बाईंना बोलावून तो बुडबुडा दाखवला. "एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. माझ्या हाताखालीच होतं."

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या, चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत राहिल्या.

पुढचं काम सरळ होतं. गॅस काढून घेतला, झडप बदलली, टोपणही नवं लावलं. मशीनने आतली हवा खेचून घेतली आणि मोजून गॅस भरला. काटे जागेवर आले, कॉम्प्रेसर एकदा लागला तो लागलाच. काटे काढल्यावर त्याने पुन्हा फेस लावला. या वेळी बुडबुडा आला नाही. मग त्याने गाडी मुद्दाम उन्हात उभी केली, यजमानांना पुढच्या सीटवर बसवलं आणि अर्धा तास एसी चालू ठेवला. पंधरा मिनिटांनी यजमानांनी काच खाली केली. थंडोबा धावतच गेला.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "जरा कमी करता येईल का? थंडी वाजतेय."

महिन्याने त्याने स्वतःच फोन करून गाडी बोलावून घेतली. काटे लावले, होते तिथेच होते. आता आपण व्यायामाच्या खोलीपर्यंत काठी घेऊन का होईना, पण आपल्या पायांनी चालत जातो, असं यजमानांनी आपणहून सांगितलं. ती दोघं गेल्यावर थंडोबा शेडमधल्या बाकावर आडवा झाला आणि भर दुपारी गाढ झोपला. कुणी गिऱ्हाईक आलं की धाकटा ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेरच थांबवत होता.