भोंगा वाजल्यावर मागे राहणारी सेपोला

आमच्या फुनाफुती बेटावर मोकळी सपाट जागा एकच, विमानाची धावपट्टी. बाकी नारळ, घरं, पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि दोन्ही बाजूंना समुद्र. विमान आठवड्यातून तीनदा येतं, उरलेला सगळा वेळ धावपट्टी आमची. ऊन उतरलं की तिथे दहा-बारा जाळ्या लागतात आणि अख्खं गाव व्हॉलीबॉल खेळतं. मीही खेळलो. पुढे गुडघे बोलायला लागले, मास्तरकीही संपली, आणि लोकांनी मला देशाच्या महिला संघाचा व्यवस्थापक करून टाकलं. माझ्याकडे चामड्याचे बरे बूट होते, याखेरीज दुसरं काही कारण मला तरी माहीत नाही.

विमान यायच्या आधी अग्निशमनाच्या गाडीवरचा भोंगा वाजतो. तो वाजला की गुण कितीही झालेले असोत, चेंडू हवेत असो, खेळ तिथेच टाकायचा. जाळी सोडायची, पोरं काखोटीला मारायची आणि कडेला पळायचं. आमची मुलं हे बोलायच्या आधी शिकतात.

भोंगा वाजवण्याचं काम सेपोलाचं. तेहेतीस वर्षांची, ठेंगणी, दोन मुलांची आई, चालताना पाय असे रोवते की जमीन तिनेच धरून ठेवली आहे असं वाटावं. लोक पळाले की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावपट्टी बघते. एखादं डुक्कर असतं, एखादं कुत्रं, कधी चटईवर घोरणारा म्हातारा. "आजोबा, राहिलेली झोप घरी नेऊन झोपा," एवढंच म्हणते आणि चटईसकट उठवते. सगळे गेल्यावर ती शेवटी निघते. एकदा एका शहाण्याने "बाई, फक्त एक गुण राहिलाय" म्हटलं, तर तिने त्याचा चेंडू उचलून गाडीत टाकला आणि चार दिवस दिला नाही. तो चेंडू माझा होता.

संध्याकाळी हीच सेपोला जाळीमागे उभी असायची. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागे खेळणारी, पडणारा चेंडू उचलणारी लिबेरो. आमच्याकडे उंच मुली पुष्कळ, पण चेंडूखाली वेळेवर जाणारी ही एकच.

आता त्या फजितीचं सांगतो. चार वर्षांपूर्वी जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी आमच्या मुली शेजारच्या देशात, सुवा शहराला गेल्या होत्या. सेपोलाचं धाकटं तेव्हा अंगावर पीत होतं, ती गेली नव्हती. त्या हॉलच्या भिंतीला लागून दवाखाना. टोंगा देशाच्या संघाविरुद्ध सामना ऐन रंगात आला आणि बाहेरून अँब्युलन्स भोंगा वाजवत गेली. आमच्या सहाच्या सहा मुली मैदान सोडून पळाल्या. तिलिया, आमची कप्तान, तर जाळीची दोरी सोडायला लागली होती. टोंगाची सर्व्हिस रिकाम्या मैदानात टपकन पडली. हॉल हसून हसून लोळला, मुलींचं अवसान गेलं आणि सामनाही गेला. अजून सुवाच्या बाजारात आमचा माणूस दिसला की मासे विकणाऱ्या बायका तोंडाने भोंगा वाजवतात.

आणि यंदा पात्रता फेरी पुन्हा सुवालाच. त्याच हॉलमध्ये.

प्रशिक्षक लापानाने तोड काढली. धावपट्टीवर सराव चालू असताना सेपोलाने भोंगा वाजवायचा आणि मुलींनी न हलता खेळत राहायचं. पंधरा दिवसांत पाय शहाणे होतील. मला तर हे इतकं पटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"नाही वाजवणार," सेपोला म्हणाली.

"अगं, विमान नसलेल्या दिवशी," लापाना म्हणाला. "दोन मिनिटं."

"दादा, मी नऊ वर्षांत एकदाही खोटा वाजवला नाही, म्हणून लोक पळतात. उद्या कोणी म्हणेल, असेल व्हॉलीबॉलवाल्यांचा, आणि पडून राहील. वरून विमान आलेलं असेल."

तिलिया भडकली. "म्हणजे आम्ही तिथे जाऊन परत नाचायचं? लोक हसतात आम्हाला, तुला नाही. तू तेव्हा घरी पोराला थोपटत होतीस."

"होते."

"परत तसं झालं तर सगळं तुझ्या डोक्यावर, सांगून ठेवते."

"असू दे माझ्या डोक्यावर."

लापानाने मग फोनवर भोंगा वाजवून पाहिला. मुली फिदीफिदी हसल्या, एकीचाही पाय हलला नाही. खोटा भोंगा आमच्या लोकांना लगेच कळतो, त्याने काय सराव होणार? गावात सेपोलाशी कोणी धड बोलेना. तिची आईसुद्धा पुलाकाचे कंद सोलता सोलता म्हणाली, "एवढा ताठा बरा नव्हे गं." मीही दोनदा समजावायला गेलो. दुसऱ्यांदा तिने मला नारळपाणी दिलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमचा चेंडू आठवतो ना?" मी नारळ पिऊन गुपचूप परत आलो. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता.

सुवाला आम्ही एक सामना हरलो, एक जिंकलो. शेवटचा टोंगाशीच. जो जिंकेल तो पुढच्या मोठ्या फेरीत, आणि आमचा देश तिथवर कधीच पोहोचला नव्हता. सुवात राहणारी आमची सगळी माणसं आली होती, डोक्यावर फुलांच्या माळा, मांडीवर डबे. बाकड्यांवर थापा मारून त्यांनी असा ठेका धरला की माझे चामड्याचे बूट आपोआप हलायला लागले. पहिला सेट आमचा, दुसरा-तिसरा त्यांचा, चौथा पुन्हा आमचा. अँब्युलन्स तोवर एकदाही आली नव्हती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावाच्या तब्येतीसाठी इतकी मनापासून प्रार्थना करत होतो.

पाचवा सेट पंधराचा. टोंगा चौदा, आम्ही तेरा. सर्व्हिस टोंगाची, हा गुण गेला की सगळं संपलं. पंचाची शिट्टी झाली, त्यांच्या उंच मुलीने चेंडू वर उडवला, हाणला, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे भोंगा सुरू झाला.

आमच्या मुली पळाल्या. पाचजणी. डोळ्यांसमोर पळाल्या, आणि तिलियाचा हात पुन्हा दोरीकडे गेला. लापानाने तोंडावर टॉवेल घेतला. हॉलमध्ये हशा उसळला.

सेपोला मात्र मैदानातच होती. पाय रोवून तिने मान वळवली, आधी या टोकाला, मग त्या टोकाला, मागे कोणी राहिलं का ते बघायला. धावपट्टीवर बघते तसंच, कणभर वेगळं नाही. आणि बघता बघता चेंडू तिच्या समोर आला. ती गुडघ्यात वाकली, दोन्ही हात जोडून पुढे केले. पास द्यायला होतंच कोण? चेंडू तिच्या हातांवरून उंच गेला, जाळी ओलांडली आणि टोंगाच्या मैदानात मधोमध पडला. त्यांच्या मुली कमरेवर हात ठेवून हसत होत्या. चेंडू पडल्यावर त्यांचं हसू थांबलं.

पंचाने आमच्या बाजूला हात केला. चौदा-चौदा.

आमच्या माणसांनी जे बाकडं बडवलं ते मोडलंच. कोणाचं होतं देव जाणे. पाचजणी मान खाली घालून मैदानात आल्या.

"तू का नाही पळालीस?" तिलियाने धापा टाकत विचारलं.

"भोंगा वाजल्यावर मी कधी पळालेय?" सेपोला म्हणाली. "तुम्ही सगळ्या बाहेर गेल्याशिवाय मला निघता येत नाही. जा, सर्व्हिस तुझी आहे."

तिलियाने सर्व्हिस केली ती सगळा राग, सगळी लाज एकवटून. टोंगाला ती उचलताच आली नाही. पंधरा-चौदा, पण जिंकायला दोन गुणांची आघाडी लागते. पुढच्या चेंडूवर त्यांनी तीनदा जोरात मारलं, तिन्हीदा सेपोला जमिनीला लागून चेंडूखाली होती, आणि चौथ्यांदा त्यांचा चेंडू बाहेर गेला. मी उडी मारली. या गुडघ्यांनी. लापाना माझ्या गळ्यात पडून रडत होता आणि मीही रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. विमानात मुली गाऊन गाऊन घसा बसवून घेत होत्या. सेपोला एकटी खिडकीला नाक लावून बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मास्तर, सगळं गाव आज धावपट्टीवर असणार. नाच, ढोलकी, म्हातारी माणसं, पोरं. आज आमचे अग्निशमनाचे साहेब एकटेच आहेत गाडीवर. आनंदात कोण ऐकतंय भोंगा?"

हवाईसुंदरीने तिला दोनदा पट्टा बांधायला सांगितलं. ती ढिम्म.

ढगांखाली आलो तसं बेट दिसलं. धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरलेली, लाल-पिवळे कपडे, मधे जाळ्या, कुठे पाय ठेवायला जागा नाही. मुलींचं गाणं थांबलं. तिलिया सेपोलाच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

भोंगा आम्हाला वर ऐकू येणं शक्य नव्हतं. पण खाली वाजला ते दिसलं. मधोमध भांग पाडावा तशी ती सगळी गर्दी दोन्हीकडे झाली. जाळ्या गेल्या, चटया गेल्या, पोरं गेली. काळी धावपट्टी टोकापर्यंत उघडी पडली आणि तिच्यावरून फक्त लाल गाडी जात होती.

तिलियाने सेपोलाचा खांदा घट्ट धरला होता.

सेपोलाने या टोकाकडे पाहिलं, मग त्या टोकाकडे.

"कोणी राहिलं नाही," ती म्हणाली, आणि मग तिने पट्टा बांधला.