सेवेत खंड, बारा वर्षे

माझा राजीनामा मीच टाइप केला होता. इंग्रजीत, मधे दोन कार्बन घालून. एकही चूक नव्हती आणि समास दोन्हीकडून सारखा आला होता. तेव्हाच्या मोठ्या बाबूंनी कागद हातात घेऊन "वा, काय सफाई आहे" म्हटलं, तेव्हा मी लाजून हसले. चोवीस वर्षांची बाई स्वतःची नोकरी स्वतःच्या बोटांनी संपवते आणि सफाईचं कौतुक ऐकून लाजते! त्या मुलीची मला आजही दया येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मूळची दिघोरीची. घरी धानाची शेती. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी ठरवलं की हिनं रोवणीच्या चिखलात उतरायचं नाही. त्यांनी मला भंडाऱ्याला मावशीकडे ठेवलं आणि टायपिंगच्या क्लासात घातलं. इंग्रजीचा चाळीसचा स्पीड घेऊन मी एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात लागले. संस्थेच्या जिल्ह्यात ठिकठिकाणी शाळा होत्या. त्यांना जाणारं प्रत्येक पत्र माझ्या मशीनमधून निघायचं. चार वर्षं मी तिथं काम केलं आणि मग भंडाऱ्यातच माझं लग्न झालं.

सासरी पितळी भांड्यांचं दुकान. मुलगी टायपिस्ट आहे हे पाहायला आले तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी काही बोललं नाही. बोलले ते हळद उतरल्यावर. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. ते जेवता जेवता म्हणाले, "आपल्या दुकानात दहा लोक येतेत. उद्या कोणी म्हणन, तुमची सून साहेबाच्या म्होरं बसून खटखट करते. मले हे खपणार नाही."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. ते वरणभात कालवत होते. रात्री मला म्हणाले, "काही दिवस सोड. मग पाहू."

त्या 'काही दिवस'ची बारा वर्षं झाली.

त्या बारा वर्षांत मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण ते प्रत्येक घरात कोणीतरी करतंच आणि त्याला कोणी काम म्हणत नाही. दोन मुलं झाली. देव्हाऱ्यातलं आणि फडताळातलं पितळ चिंचेनं घासलं. दुकानात चकचकीत माल विकणाऱ्यांच्या घरात भांडी नेहमी काळी पडलेली असतात, हे मला तिथं कळलं. दुकानाची पत्रं टाइप करून घ्यायची असली की हे स्वतः कागद घेऊन कचेरीसमोर जायचे. तिथं एक म्हातारे गृहस्थ झाडाखाली मशीन मांडून बसत. त्यांच्या मशीनचा इंग्रजी 'ई' तुटका होता. प्रत्येक पत्रात जिथं तिथं तो अर्धवट 'ई' उमटलेला असायचा. मी ती पत्रं वाचायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसायची. एकदा म्हटलं, एखादं जुनं मशीन घरी आणलं तर मीच करून देईन. मामाजी म्हणाले, "घरात खटखट कायले?"

मग धाकट्या दिराचं लग्न काढलं. धाकटे भाऊजी बारावीला दोनदा बसले होते आणि दोन्हीदा आराम करून परत आले होते. दुकानात गल्ल्यामागे बसून पेपरातली कोडी सोडवणं हे त्यांचं काम. अशा मुलासाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली तेव्हा मामाजींची अट एकच होती.

"मुलगी नोकरीवाली पाह्यजे. आता जमाना बदलला."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. जमाना नेमका कधी बदलला, आणि तो बदलताना मला कोणी काहून सांगितलं नाही, हे विचारावंसं वाटलं. पण मी कप मांडले.

नोकरीवाली मिळाली. जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सडपातळ, घाईत चालणारी, चपलांचा आवाज करणारी. तिला रोज सकाळी साडेसहाची एसटी गाठायची असे. तिचा डबा मी करायची. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. सासूबाई फक्त आदल्या दिवशी म्हणायच्या, "उद्या तिच्या डब्यात वांगं देऊ नको, तिले आवडत नाही." दहा वर्षांत मला काय आवडत नाही हे त्या बाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

जावेचा मला तिटकारा आला. तिच्या चपलांचा, तिच्या खांद्यावरच्या पर्सचा, एसटी चुकेल म्हणून उभ्यानं चहा पिण्याचा. तिनं माझं काहीही वाईट केलेलं नव्हतं. ज्यांनी केलं होतं त्यांचा राग करायची हिंमत नव्हती, म्हणून मी चपलांचा राग करत होते.

एका रविवारी लाखांदूरहून मामाजींचे जुने व्यापारी स्नेही आले. आम्ही दोघी पाया पडलो. मामाजी कौतुकानं म्हणाले, "हे धाकटी. मास्तरीण हाय. अन् हे मोठी. हे घरीच असते."

स्नेही मला म्हणाले, "चांगलं हाय, चांगलं हाय. घरी बी कोणी पाह्यजे न."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टायपिंगच्या क्लासात जाऊन उभी राहिले. तोच क्लास, तीच खोली. आता भिंतीवर मराठी कीबोर्डचा तक्ता लावलेला होता. सरांनी सांगितलं, "बाई, आता इंग्रजीला कोण विचारतं? ऑफिसांत सगळा कारभार मराठीत. मराठीची परीक्षा द्या."

मला वाटलं होतं, मशीनपुढे बसले की बोटांना सगळं आठवेल. आठवलंही. पण ते सगळं इंग्रजीतलं होतं. 'क' दाबायला जावं तर भलतंच काही उमटायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, अर्ध्या अक्षरांच्या किल्ल्या वेगळ्या, आणि करंगळी सारखी चुकीच्या घरात जाऊन बसायची. डावीकडे आणि उजवीकडे सतरा-अठरा वर्षांच्या मुली. त्यांची मशीनं पाऊस पडल्यासारखी वाजत होती. माझं मशीन थांबत होतं, विचार करत होतं, पुन्हा थांबत होतं. एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमचा रिबन अटकला का?" रिबन ठीक होता. काकूच अटकली होती.

घरी मी कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी दोन ते तीन बाजारात जाते म्हणायची आणि येताना खरोखर भाजी आणायची. महिनाभरात घरात इतकी भाजी येऊ लागली की सासूबाई वैतागल्या. धाकटीच्या मात्र लक्षात आलं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर ती कणीक मळत बसलेली.

"ताई, आजपासून माझा डबा मी करीन. तुम्ही प्रॅक्टिस करा."

"कायची प्रॅक्टिस?"

"तुमच्या बोटांवर कार्बनची शाई आहे," ती म्हणाली. "आणि परवा तुम्ही पोळपाटावर दहाही बोटांनी टाइप करत होत्या."

तिच्या पोळ्या जाड व्हायच्या, वेड्यावाकड्या. मी त्यांनाही नावं ठेवली असती, पण जीभ उचलली नाही.

परीक्षेची फी भरायची वेळ आली तेव्हा घरात कळलं. मामाजी जेवायला बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"परीक्षा? कायची परीक्षा?"

"टायपिंगची. मराठी."

"या वयात? कायले?"

"नोकरी करीन म्हणते."

"तुले इथं काय कमी हाय?"

"धाकटीले काय कमी हाय?" मी म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलत होते आणि माझा आवाज एखाद्या परक्या बाईसारखा येत होता. "तिले तर तुम्ही नोकरीवाली म्हणूनच आणलं."

"तिचं वेगळं हाय. ते नोकरीसंग आली. तू तर आल्यावर सोडून देल्ली."

"मी सोडली?"

"मंग का म्या सोडली?"

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या आयुष्याचा एवढा मोठा तुकडा या माणसानं एका जेवणात कापून टाकला आणि हात धुतले तेव्हाच विसरून गेला. मी बारा वर्षं ज्या वाक्याशी मनात भांडत होते, ते वाक्य बोलल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. मी नवऱ्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा."

हे ताटातलं लोणचं पाहत म्हणाले, "जुन्या गोष्टी काढून काय फायदा?"

एवढा वेळ मला मामाजींचाच राग येत होता. त्या दिवशी तो दोघांत वाटला गेला, आणि मोठा वाटा कोणाकडे गेला हे सांगायला नको.

मी परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. सरकारी नोकरीचं वय उलटून गेलं होतं. म्हणून अर्ज घेऊन मी पुन्हा जुन्याच संस्थेत गेले. तिथं मोठ्या बाबूंच्या खुर्चीवर एक ओळखीचा चेहरा होता. मी नोकरीत असताना हे गृहस्थ नुकतेच आवक-जावक लिहायला लागले होते, आणि प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल मशीनवर स्टेन्सिल सरळ कसं चढवायचं हे मी त्यांना तीनदा शिकवलं होतं. आता त्यांना ढेरी सुटली होती आणि चष्मा आला होता.

अर्ज वाचून ते म्हणाले, "सेवेत बारा वर्षांचा खंड पडला बाई तुमचा. मधल्या काळात काय करत होत्या?"

"घरी होते."

"म्हणजे काहीच नाही." त्यांनी मान हलवली. "आता जमन का? काम लय बदललं."

मी इकडे तिकडे पाहिलं. तेच टेबल, तोच डुगडुगता पंखा, त्याच दोऱ्यानं बांधलेल्या फायली. भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय त्या खोलीत बारा वर्षांत काहीही बदललेलं नव्हतं. मी भात शिजवत असताना हे लोक इथं काय करत होते, हा प्रश्न मला कोणी विचारू दिला नाही.

टायपिस्ट बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिच्या जागी मला तात्पुरतं घेतलं. तात्पुरतं हा शब्द मोठ्या बाबूंनी दोनदा उच्चारला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या शाळांना पाठवायचं एक परिपत्रक लिहून दिलं. 'सर्व मुख्याध्यापकांस सुचीत करन्यात येते की विध्यार्थ्यांची माहीती...' मी शुद्ध करून स्टेन्सिल कापलं. त्यांनी मूळ कागदाशी ताडून पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाई, हे तुम्ही बदललं काहून?"

"चुका होत्या."

"तुम्ही टायपिस्ट आहा. लिहिलं तसं टाइप करायचं. बारा वर्षांत ऑफिसची शिस्त विसरल्या तुम्ही."

मी नवीन स्टेन्सिल घेतलं आणि लिहिलं होतं तसं कापलं. एकेक चूक जपून, काळजीनं, एकही न गाळता. शुद्ध टाइप करण्यापेक्षा ते कठीण होतं, कारण बोटं आपोआप सुधारायला धावत होती. पन्नास प्रती निघाल्या, मोठ्या बाबूंनी स्वतः शिक्का मारला आणि त्या टपालानं गेल्या.

पंधरा दिवसांनी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आपली प्रत परत पाठवली. लाल शाईनं प्रत्येक चुकीला गोल केलेला आणि खाली शेरा: 'पुन्हा लिहून आणावे.' ती नेमकी सचिवांच्या हातात पडली. सचिवांनी मला बोलावलं. मी मोठ्या बाबूंच्या हातचा मूळ कागद फायलीतून काढला आणि टेबलावर ठेवला. सचिवांनी तो वाचला. मग मोठ्या बाबूंना आत बोलावलं आणि मला जायला सांगितलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी कागदांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "तुमच्या मनानं पाहून घेत जा." त्यानंतर त्या कार्यालयातलं प्रत्येक पत्र मीच लिहिलं आणि सही त्यांनी केली. असल्या माणसांची नोकरी अशीच चालते. रजेवरची बाई परतली नाही, आणि तात्पुरती मी पुढे कायम झाले. आधीची चार वर्षं मात्र सेवेत धरली नाहीत. खंड पडला होता.

वर्षभरानं मी एक दिवस कार्यालयातून येताना दुकानात शिरले. मामाजी एका गिऱ्हाइकाला घागर दाखवत होते. मला पाहून ते मोठ्यानं म्हणाले, "हे आमची मोठी सून. संस्थेत हाय, ऑफिसात. आमच्या घरी दोन्ही सुना नोकरीवाल्या. म्या तर पहिल्यापासून म्हणत होतो, बाईमाणसानं आपल्या पायावर उभं राह्यलं पाह्यजे."

गिऱ्हाइकानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. हे गल्ल्याशी बसले होते, त्यांनीही मान डोलावली. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं! बारा वर्षं घासूनपुसून तयार ठेवलेली वाक्यं होती ती.

मी नमस्कार केला. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटलं. मामाजींना मी आजवर माफ केलेलं नाही, पण ते बरं वाटणं मला त्यांच्या वागण्याहून जास्त सलतं. घरी आले तेव्हा धाकटी नुकतीच एसटीतून उतरून पाय धूत होती. मी तिला दुकानातली सगळी हकीगत सांगितली. ती एवढी हसली की सासूबाई आतून विचारायला आल्या, काय झालं म्हणून. आम्ही त्यांना सांगितलं नाही.