मागे बघून चालणाऱ्या सिंधूबाई

सिंधूबाईंनी चहा कधी बसून घेतला नाही. कप हातात, एक पाय ओट्यावर, दुसरा अंगणात आणि नजर बागेच्या वाटेवर. अर्धा कप झाला की उरलेला तुळशीजवळ ठेवून त्या निघालेल्या असायच्या. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसली का मले झोप येते, आन् झोपली का सपनात बी कामच दिसते. मंग बसू कायले?"

लग्न होऊन मी रिठदहून या घरात आले, त्याच दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं होतं. पाया पडून झालं, बायका जेवायला बसल्या, आणि या माझ्या मोठ्या जाऊबाई मला घर दाखवायला घेऊन निघाल्या. "हे चूल. हे न्हाणी. हे धान्याची खोली." त्यांच्या पावलांशी पावलं जुळवताना माझी नवी चप्पल दोनदा निसटली. घर संपलं तरी त्या थांबल्या नाहीत. गोठ्यामागच्या टिनाच्या शेडात एक बुटका, निळा ट्रॅक्टर उभा होता. मोठ्या ट्रॅक्टरपुढं वासरू वाटावं एवढाच. "आन् हे माह्यं," त्या म्हणाल्या. तेवढाच वेळ त्या एका जागी उभ्या राहिल्या.

आमचं गाव मंगरूळपीरच्या अलीकडं. संत्र्याची बाग, थोडी हळद, बाकी सोयाबीन आणि तूर. बागेत झाडांच्या फांद्या खाली आलेल्या, त्यामुळं ओळींमधून छोटाच ट्रॅक्टर लागतो. तो घरात आला तेव्हा माझे मोठे दीर चालवणार होते. पण त्यांच्या कमरेच्या मणक्यानं दगा दिला. मग ड्रायव्हर ठेवले. एकानं फांद्या मोडल्या, दुसरा येतो सांगून गेला तो परत आलाच नाही. सिंधूबाईंनी चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःच त्यावर चढल्या. गावात बोलणं झालं. त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलू दे. बोलून राह्यले तंवर वाटेत तरी येनार नाई."

ट्रॅक्टर चालवणं त्यांना लवकर जमलं, पण मागं अवजार जोडणं जमेना. फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडायचा तर ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन हात त्याच्या दोन खुंट्यांवर बसवायचे, वरचा एक दांडा लावायचा, आणि शेवटी ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट. सिंधूबाईंचा स्वभाव असा की ट्रॅक्टर वाकडातिकडा लावायच्या आणि ते जड लोखंड पहारीनं ढकलून जुळवायला बघायच्या. घामाघूम व्हायच्या, अवजाराला लाथ मारायच्या, पुन्हा पहार घ्यायच्या. एक अख्खी सकाळ अशी गेली. मग त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जाऊन नुसत्या बघत राहिल्या, परत आल्या, ट्रॅक्टर पुढं काढला आणि इंचाइंचानं सरळ मागं आणला. हात खुंटीवर आपोआप बसला.

"ते नाई येत आपल्याकडं, रेखा," त्या मला सांगायच्या. "आपुनच सरळ जा लागते त्याच्यापाशी. जरासंबी तिरपं गेलं का दिवसभर ढकलत बसा."

मला नवल वाटायचं ते हे की, सगळीकडं धावणारी ही बाई ट्रॅक्टरच्या मागं गेली की वेगळीच व्हायची. आधी डावा हात, मग उजवा, मग वरचा दांडा, मग शाफ्ट. प्रत्येक पिन लावली की ओढून बघायची. हे सगळं इंजिन बंद करून. एरवी भाजी करपली तरी चुलीजवळ न थांबणाऱ्या बाईला एवढा धीर कुठून आला, ते मला नंतर कळलं.

माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. बागेत फवारणी चालू होती. पंप ट्रॅक्टरच्या मागं, शाफ्ट फिरत होता, आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलेलं म्हणून काढून ठेवलं होतं. सिंधूबाई नळी सोडवायला वाकल्या आणि पदराचं टोक शाफ्टनं धरलं. लुगडं जुनं, विटलेलं होतं म्हणून खांद्यापासून फाटलं. नवं असतं तर ही गोष्ट मला दुसऱ्या कोणाकडून ऐकावी लागली असती. गळ्याभोवती काळानिळा वळ कितीतरी दिवस होता. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी सलवार घातली, वर दिरांचा पूर्ण बाह्यांचा सदरा, केस रुमालात घट्ट बांधलेले. सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही. थोरली सून, घराण्याची अब्रू, असं बरंच झालं. सिंधूबाईंनी गळ्यावरचा वळ दाखवला आणि विचारलं, "पदर पाह्यजे का सून पाह्यजे, ते सांगा. दोन्ही नाई भेटनार." सासूबाई रडल्या, आणि संध्याकाळी स्वतःच सदऱ्याची तुटलेली बटणं शिवून दिली.

माझे यजमान विलास हे धाकटे, आणि त्यांनाही घाई फार. दोन घाईची माणसं एका शेतात. एका पावसाळ्याआधी आभाळ भरून आलेलं, बागेची मशागत अर्धी राहिलेली. विलास रोटाव्हेटर चालवत होते आणि ठिबकची नळी पात्यांत गुंडाळली गेली. त्यांनी अवजार वर उचललं, इंजिन तसंच चालू ठेवलं, खाली उतरले आणि विळा घेऊन पात्यांत हात घातला. मी शिदोरी घेऊन येत होते. सिंधूबाई माझ्या पुढून पळत गेल्या. त्यांनी इंजिन बंद करायचा दांडा ओढला, चावी काढली आणि धुऱ्यापलीकडच्या बोराटीच्या जाळीत भिरकावून दिली.

"वैनी! पागल झाल्या का?" विलास ओरडले. "ते फिरून नोतं राह्यलं! म्या बंद केला होता मांगचा शाफ्ट!"

"फिरून नोतं, पन फिरू शकत होतं ना."

"आभाळ पाहा वर! काही झालं नसतं!"

"हो, काहीच नाई झालं," सिंधूबाई म्हणाल्या. "आन् मी ते तसंच ठेवनार हाय."

काट्यांत चावी शोधण्यात दुपार गेली आणि ती सापडायच्या आत पाऊस आला. बागेतला उरलेला भाग पुढं कितीतरी दिवस चिखलानं भरलेला होता. विलास वहिनीशी बोलेनासे झाले. जे घडलंच नाही, ते टाळल्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? बुडालेलं काम तेवढं सगळ्यांना दिसत होतं. आधीपासूनच्या बारीकसारीक कुरबुरी त्यात मिसळल्या आणि दिवाळीच्या आत चुली वेगळ्या झाल्या. बाग वाटली, तूर वाटली. ट्रॅक्टर तेवढा एकच राहिला, कारण त्याचे दोन करता येत नव्हते.

मी मात्र सिंधूबाईंच्या वाटणीत जात राहिले. घरी विलासांचा चेहरा पडायचा. तिकडं गेलं की सिंधूबाई विचारायच्या, "काहून आली? घरी बोलणी खाशीन." आणि लगेच, "आली तर तो पाना दे." मी दोन्हीकडं अर्धी असायचे. कुठंही असले तरी दुसरीकडं काय चाललं असेल, हाच घोर.

अशीच दोन-तीन वर्षं गेली. त्या काळात सिंधूबाईंचं फिरणं आणखी वाढलं. अंगणात येरझारा, ओट्यावर येरझारा. पायांत मुंग्या येतात, आग होते म्हणायच्या, आणि तेल चोळून पुन्हा चालू लागायच्या. एकदा पायातली चप्पल बागेत राहिली आणि त्यांना ते घरी येईपर्यंत कळलं नाही. आम्ही हसलो होतो.

त्या दिवशी रोटाव्हेटर बागेच्या उतारावर ठेवलेला होता. सिंधूबाईंनी ट्रॅक्टर मागं घेतला. मी त्यांच्या नियमाप्रमाणं बाजूला, मोठ्या चाकापासून लांब उभी होते. इंजिन बंद झालं. त्यांनी ब्रेक दाबून त्याची कडी अडकवली, म्हणजे अडकवली असं त्यांना वाटलं, आणि म्हणाल्या, "ये आता." मी मधे शिरले, ट्रॅक्टरचा डावा हात खुंटीकडं ओढला, आणि ट्रॅक्टर हलला. आवाज न करता, हळूच तो मागं आला. माझी मांडी लोखंडात धरली गेली.

"बाई, ब्रेक!"

"दाबूनच राह्यली!" त्या ओरडल्या. "रेखा, मी दाबूनच राह्यली वो!"

त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. शेजारच्या लोखंडी पट्टीवर तो पूर्ण ताकदीनं रेटलेला होता आणि त्यांना फरक कळत नव्हता. पलीकडच्या वाटणीतून विलास धावत आले. आधी चाकामागं दगड लावला, मग वर चढले. "वैनी, उतरा," एवढंच म्हणाले. ट्रॅक्टर सुरू करून त्यांनी तो हातभर पुढं घेतला आणि मी सुटले.

हाड मोडलं नव्हतं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी माझी मांडी पाहिली आणि मग दाराशी उभ्या असलेल्या सिंधूबाईंकडं बघून त्यांनाच आत बोलावलं, कारण त्यांच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. साखर खूप वाढलेली होती. तळपायांची जाणीव बरीचशी गेली होती. परत येताना गाडीत विलास वहिनीच्या शेजारी बसले. मला वाटलं, आता ते इतक्या दिवसांचं सगळं बोलून घेतील. त्यांनी फक्त वहिनीच्या पायाखाली आपला गमछा घडी करून ठेवला.

सिंधूबाई पुन्हा ट्रॅक्टरवर चढल्या नाहीत. कोणी सांगायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. माझ्या मांडीवरचा काळानिळा डाग पिवळा पडत आला तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. मी हात मागं घेतला. म्हटलं, "बाई, मले भेव लागते."

"लागलंच पाह्यजे. मले लागेनासं झालं, तवाच खाली उतरा लागत होतं. लय उशीर केला म्या." मग त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "चढ. मी अठीच हाय."

त्या धुऱ्यावर दगडावर बसल्या. बसल्या! मी ट्रॅक्टर तिरपा नेला, पुढं काढला, पुन्हा नेला. त्यांचे ओठ हलत होते, गुडघे हलत होते, पण त्या उठल्या नाहीत आणि मला एक शब्दही सांगितला नाही. अवजार जोडून मी खाली उतरले तेव्हा त्यांचा सदरा माझ्यापेक्षा जास्त भिजलेला होता.

पुढं अंगठ्याची जखम चिघळली. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला त्यांची लेक असते, तिथं दवाखाना जवळ, म्हणून दीर आणि त्या तिकडं राहायला गेले. निघताना त्या गाडीतून तीनदा उतरल्या. एकदा गाईला हात लावायला, एकदा चुलीतली राख काढायची राहिली म्हणून, आणि एकदा कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग फोन सुरू झाले. दिवे लागायच्या सुमाराला, मी शेडात ट्रॅक्टर लावत असतानाच फोन वाजायचा. त्या पिकाचं विचारायच्या नाहीत, पावसाचं विचारायच्या नाहीत. "सगळे आले का घरात?" एवढंच. आले म्हटलं की, "बरं," आणि फोन बंद. कधी विलास उशिरा आले तर त्या परत फोन करायच्या, पुन्हा करायच्या. लेक मागून रागावलेली ऐकू यायची, "आई, बस ना आता एका जागी!" विलास हसायचे, पण उशीर होणार असला की आधी मलाच सांगून ठेवू लागले, "वैनीचा फोन येईन, लक्ष ठेव."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी फोन आला नाही. मी अवजार खाली टेकवलं, ट्रॅक्टर बंद केला आणि शेडात थोडा वेळ उभी राहिले. गाई आल्या, विलास आले, घरात दिवा लागला. मी फोन हातात घेऊन अंगणात येरझारा घालत होते, आणि शेवटी मीच लावला. पलीकडं लेक होती. तिला रडू आवरत नव्हतं, मागं बायकांचे आवाज येत होते. बाई गेल्या, हे तिनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

तरी मी म्हटलंच, "बाईले सांग, आमी सगळे घरात आलो."