सत्तावीस सव्वाचा टायर

आमच्या घरी रेसिंगची सायकल आली तेव्हा मी अकरावीत होते, आणि मला ती मुळीच नको होती. नव्वदीची सुरुवात होती. बाबा पाताळगंगेच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर काम संपल्यावर मायदेशी निघाला आणि जाताना आपली सायकल बाबांना देऊन गेला. फिकट निळी, अंगानं सडपातळ, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. टायर दोन्ही फाटायला टेकलेले. मला हवी होती पुढे बास्केट असलेली लेडीज सायकल, मैत्रिणींच्या होत्या तशी. पण बाबांचा चेहरा बघून मी गप्प बसले. त्या दिवशी तरी बसले.

बाबांच्या डोक्यात एकच होतं. नवे टायर घालायचे आणि एका रविवारी आम्ही दोघांनी कर्नाळ्याच्या अभयारण्यात जायचं, ते त्यांच्या काळ्या सायकलवर आणि मी या निळीवर. लग्नाआधी ते सायकलवरून खूप हिंडले होते, पण नेहमी एकटे. आईला सायकल येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. आता त्यांना सोबत मिळणार होती.

टायरवर माप उठवलेलं होतं, सत्तावीस सव्वा. म्हणजे सत्तावीस इंची चाक आणि सव्वा इंच जाडी. आमच्या पनवेलच्या दुकानांत टांगलेले असायचे ते अठ्ठावीस दीडचे, दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या सायकलींचे. बाजारातल्या सायकलवाल्यानं आमचा टायर एकदा उलटासुलटा करून पाहिला.

"सायेब, ह्यो माप आमच्याकडं मिलनार नाय," तो म्हणाला. "मुंबैला फिराल तरी नाय."

"एका इंचाचाच तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले. दिवसभर नटबोल्ट मापून देणारा माणूस असं बोलतो म्हणजे हौस किती डोक्यात गेली असेल बघा. अठ्ठावीसचा टायर चढवला. तो रिमवर सैल बसला आणि हवा भरता भरता ट्यूब बाजूनं बाहेर येऊन असा बार उडाला, की समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. मी लांब जाऊन उभी राहिले.

मग बाबांनी दोन्ही चाकांच्या रिमाच बदलून घेतल्या. आता टायर रिमवर नीट बसला, पण चाक फ्रेममध्ये जाईना, कारण ती बांधलीच होती बारीक टायरसाठी. सायकलवाला वैतागला. "बांगडी बारक्या मनगटाची हाय," तो म्हणाला, "आन तुमी तिच्यात दंड घालताय."

आईनं हौसेला मोल नसतं म्हणत नाक मुरडलं. बाबांनी मडगार्ड काढली, ब्रेकची रबरं वर सरकवली. मागचं चाक खाचेत आणखी मागे ओढल्यावर कसंबसं मोकळं फिरलं. पुढच्याला मागे ओढायची सोयच नव्हती. ते त्याला धरणाऱ्या दोन दांड्यांच्या, म्हणजे फोर्कच्या, वरच्या जोडाला घासायचं. शेवटी बाबा ती सायकल एस. टी. स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं रापीनं टायरची नक्षी तासायला घेतली, चपलेचा सोल तासतात तशी. थोडं तासायचं, चाक बसवायचं, फिरवून बघायचं, परत काढायचं. दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी टायर आणि फोर्क यांच्या फटीतून एक पोस्टकार्ड आरपार गेलं, आणि ते पोस्टकार्ड खिशात घालून बाबा घरी हसत आले.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही निघालो. खरं सांगायचं तर पहिले दोन मैल मला ती सायकल आवडली. जरा पाय मारला की पळायची. बाबा मागून सांगत होते, बघ, बघ कशी जाते. मी त्यांना काही बोलले नाही, पण हसत होते.

शिरढोणच्या आसपास रस्त्यावर नुकतंच डांबर मारून बारीक खडी पसरलेली होती. डांबर टायरला चिकटायचं, डांबराला खडी चिकटायची, आणि ती सगळी त्या पोस्टकार्डाएवढ्या फटीत जाऊन अडकायची. चाक करकरून थांबायचं. बाबा खाली बसून किल्लीनं खडी काढायचे, पन्नास पावलांवर परत तेच. तेवढ्यात एका टेम्पोतून माझ्या वर्गातल्या चार मुली गेल्या. त्या हसल्या की नुसत्या बघत होत्या, मला आता सांगता येणार नाही. तेव्हा मला त्या हसताना दिसल्या.

"मी मागितली होती का ही सायकल?" मी म्हणाले. "हौस तुमची आणि तमाशा माझा."

बाबांनी किल्ली शर्टाला पुसली. काळी सायकल माझ्याकडे दिली आणि निळी आपण घेतली. मी जी निघाले ती कर्नाळ्याच्या गेटपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तिथे झाडाखाली तासभर बसून राहिले. ते कुठे असतील हे मला पक्कं ठाऊक होतं. काळी सायकल धडधाकट होती, मागे जायला दहा-पंधरा मिनिटं पुरली असती.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सत्तावीस सव्वाचा टायर आज मला घरबसल्या मागवता येतो, पण मला तो नको आहे. मला तो तास हवा आहे. मागे जाऊन त्यांच्या शेजारी चालायचं आहे, पन्नास पावलांवर थांबायचं आहे, किल्ली माझ्या हातात घ्यायची आहे. हे इतकं वाटतं की कधी कधी भर दुपारी काम टाकून नुसती बसून राहते.

त्या दिवशी बाबा वळणावर दिसले तेव्हा सायकल हातात धरून चालत येत होते. गेट जवळ आल्यावर थांबले, वाकून शेवटची खडी काढली, सीटवर बसले आणि उरलेलं अंतर सायकल चालवत आले. हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"पोचली बघ," ते म्हणाले. मग हँडल माझ्याकडे वळवलं. "परत जाताना उतार आहे. खडीच्या रस्त्यापुरती आपण ती हातात धरून नेऊ, बाकी तू घे. छान पळेल."

"नको," मी म्हणाले. "मला हीच बरी आहे."

"बरं," बाबा म्हणाले. आणि मी त्यांच्या सायकलवर बसून पुढे निघाले.