धर्मराजचं धुकं

बदनापूरच्या शेतकी केंद्रात हवामानाच्या नोंदी घेणारा धर्मराज थंडीला भयंकर भ्यायचा. दिवाळी सरली की त्याच्या अंगावर दोन स्वेटर चढायचे, डोक्यावर कानटोपी, तिच्यावरून मफलर, आणि या सगळ्यातून बाहेर फक्त नाक. सकाळी तापमापक बघायला निघालेला हा गडी लांबून एखादं गाठोडं चालत आल्यासारखा दिसायचा. कुणी हसायच्या आत तोच हसून घ्यायचा. "मला थंडी मोजायचा पगार हाय, सोसायचा न्हाई," म्हणायचा.

अशा माणसाला जालन्याच्या भटक्या मंडळानं आपला हवामानतज्ज्ञ नेमलं होतं, यावरून मंडळाची काय ती कल्पना यावी. मंडळ म्हणजे कापडाचे व्यापारी गोपीकिशन शेठ आणि त्यांनी गोळा केलेले हौशी लोक. कुणी मास्तर, कुणी बँकेतला, कुणी नुसताच पोट कमी करायला आलेला. हिवाळ्यात रविवार गाठून धावड्याकडचे डोंगर पहाटे चढायचे, ऊन तापलं की खालच्या नदीत ट्रकच्या ट्यूबा टाकून त्यांच्यावर पालथं पडायचं, आणि संध्याकाळी शिंकत घरी यायचं, असा त्यांचा खेळ. धावडा हे धर्मराजचं गाव, आणि हवामान हे त्याचं काम. तेव्हा डोंगरावर वारं किती असेल, नदीचं पाणी कितपत गार लागेल, हे त्यानंच सांगायचं. तो सांगेल त्याच्या उलट कपडे घ्यावेत, असं शेठ सगळ्यांना बजावत. "बराबर हाय," धर्मराज मान डोलवायचा. "मीपण तसंच करतो."

थट्टा त्याला पचायची. पण एक गोष्ट होती, तिच्यावरून कुणी हसलं की तो वरवर हसायचा आणि आत चरफडायचा.

झालं होतं असं. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात, नोकरी लागायच्या आधी, तो घरची सुटलेली म्हैस शोधत भल्या पहाटे डोंगरावर गेला होता. म्हैस माथ्यावर सापडली. तेवढ्यात दिवस उगवला, आणि धर्मराजनं खाली पाहिलं तर खाली काहीच नव्हतं. गाव नाही, नदी नाही, शेतं नाहीत. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सगळं धुक्यानं भरलेलं, पिंजलेला कापूस ओतून ठेवावा तसं, आणि त्यातून मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा वर आलेला. मग त्या पांढऱ्यावर तांबूस ऊन पडलं. तो आणि म्हैस दोघंही बराच वेळ तिथंच उभे राहिले.

ही हकिगत त्यानं मंडळाला पहिल्याच शेकोटीला सांगितली आणि स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. लोक म्हणाले, आम्हालाही दाखव. मग धर्मराज दर हिवाळ्यात केंद्रातले आकडे बघायचा, उत्तरेचं बोचरं वारं सुटून थंडी अगदी कडक झाली की शेठना निरोप धाडायचा, "येत्या रैवारी बिलकुल दिसतंय बघा." मंडळी कुडकुडत माथ्यावर पोचायची. खाली गाव लख्ख. कुणाच्या अंगणात कोणती लुगडी वाळत घातलीत तेही ओळखू यावं इतकं लख्ख.

"धर्मराजभाऊ," शेठ कपाळाला हात लावून दूरवर बघत म्हणायचे, "तुमचं धुकं आज रजेवर गेलं का?"

होता होता मंडळात तो वाक्प्रचारच झाला. एसटी आली नाही की धर्मराजचं धुकं. गिऱ्हाईक उद्या येतो म्हणून गेलं की धर्मराजचं धुकं. खुद्द धर्मराजसुद्धा बढतीचा विषय निघाला की हेच म्हणायचा.

पण एकदा शेजारणीनं त्याच्या बायकोला, उषाबाईला, सहज विचारलं, की खरंच असं दिसतं का हो वरून? उषाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सोभावच हाय त्यांचा, थोडं वाढवून सांगायचा. मनानं चांगले हायेत." ती हे मायेनं म्हणाली, आणि नेमकं तेच धर्मराजला लागलं. आत बसून त्यानं ते ऐकलं होतं. मंडळ हसलं तर हसलं, पण जिच्याबरोबर जन्म काढायचा तिनं आपल्याला प्रेमळ थापाड्यांत जमा करावं, हे त्याला सोसेना. पुढं पुढं तर त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. त्या पहाटे आपण उपाशी होतो, झोपही झाली नव्हती. कोण जाणे, म्हशीनं तरी पाहिलं का! एकदा, फक्त एकदा, उषाबाईनं ते धुकं डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा उरली.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात योग आला. शेठच्या बायकोनं, जमनाबाईनं, या खेपेला घरच्या बायकांनीही यायचं असं ठरवलं आणि उषाबाई हो म्हणाली. धर्मराज आठवडाभर हवेत होता. आणि शुक्रवारी आभाळ भरून आलं, चांगला भिजवणारा पाऊस झाला.

पाऊस पडला की डोंगर रद्द, हा धर्मराजनंच घालून दिलेला नियम. त्यानं जड मनानं शेठना फोन केला आणि घरी येऊन सांगितलं, "राह्यलं. पुढच्या महिन्यात जाऊ. थंडीपण पडली न्हाई यंदा, नुसतं दमट हाय."

उषाबाई धपाटे थापत होती. टोपलं भरत आलं होतं. "मंग या धपाट्यांचं काय करू?"

"वाट शेजारीपाजारी."

"सकाळपासून चुलीपुढं बसून राह्यले मी. ठेचा केला, दही लावलं. तुमच्या हवामानापायी सगळं वाटून टाकू? पाऊस थांबलाय की आता." तिनं हात धुतले, कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेली आणि जमनाबाईला फोन लावला. तिकडे जमनाबाईनं बेसनाचे लाडू वळून ठेवले होते. धपाटे आणि लाडू असे दोन्हीकडे तयार असताना हवामानाचं कोण ऐकतं! शनिवारी संध्याकाळी शेठची मेटॅडोर भरली आणि मंडळ धावड्याला, धर्मराजच्या भावाच्या, मच्छिंद्रच्या घरी मुक्कामाला पोचलं.

पहाटे सगळे निघाले. आभाळ रात्रीतून मोकळं झालं होतं. वारं पडलेलं. नदीकाठी विरळ वाफ तरंगत होती. धर्मराज सगळ्यांच्या पुढं, अंगावर नेहमीचं गाठोडं, तोंडानं एकसारखं बजावणं. "चिखल हाय, जपून. पाय आडवा टाका. माझ्याकडं बघून चाला."

सगळे त्याच्याकडं बघत होते म्हणूनच पुढचं सगळ्यांना दिसलं. पहिल्याच चढाला त्याचा पाय सटकला आणि तो बुडावर बसून घसरत, दोन बाभळींना चुकवत, थेट खालच्या ओघळीत जाऊन पडला. पँट मागून टर्रकन फाटली. घोटा मुरगळला. वर शेठपासून सगळे पोट धरून हसले.

धर्मराज चिखलात बसला होता, आणि बसल्याबसल्या त्याला आठवलं. म्हशीमागं गेला त्या पहाटेही तो असाच पडला होता! अगदी असाच, बुडावर. त्या आठवड्यातही पाऊस झाला होता. खुंटा ढिला झाला म्हणून तर म्हैस सुटली. पँट तेव्हाही फाटली होती आणि कमरेला सदरा गुंडाळून तो घरी आला होता. पण फाटक्या पँटीनं हकिगतीची शोभा जाते म्हणून त्यानं चिखल गाळला, चिखलाबरोबर पाऊस गाळला, आणि गाळून गाळून इतक्या वेळा सांगितलं की स्वतःच विसरला. रोज हवेतला ओलावा मोजणारा हा तज्ज्ञ इतकी वर्षं लोकांना कोरड्या वाऱ्यात धुकं बघायला नेत होता, आणि धुकं पडायचे दिवस आले की घरी बसवत होता.

"अगं, तू वर जा!" तो ओरडला. "जल्दी जा! आज हाय ते!"

उषाबाई उतरून त्याच्याजवळ आली होती. "आन तुम्हाला इथं असं टाकून?"

"मला काय व्हतंय? ऊन चढलं की संपलं सगळं. जा म्हणतो ना!"

तिनं त्याच्याकडं बघितलं. एरवी तो कधी असा बोलायचा नाही. पदर खोचून ती चढाला लागली.

मग विरळ वाफ दाट होत गेली. आधी बाभळी गेल्या, मग ओघळीचा काठ गेला, शेवटी धर्मराजला स्वतःचा सुजलेला पायही दिसेना. ज्या धुक्यासाठी त्यानं इतके हिवाळे घालवले, त्याच्या अगदी पोटात तो फाटक्या पँटीनिशी बसला होता, आणि दिसत काही नव्हतं. तो वरचा कानोसा घेत राहिला. दर वर्षी माथ्यावर पोचले की मंडळी हसायची, आणि ते हसणं खाली गावापर्यंत ऐकू येतं, असं मच्छिंद्र सांगायचा. आज वरून काहीच ऐकू आलं नाही.

ऊन तापून धुकं विरलं, तेव्हा मंडळी खाली आली. शेठनी आपली शाल काढून धर्मराजच्या कमरेभोवती गुंडाळली आणि ट्यूबा घेऊन नदीकडं गेले. उषाबाई त्याच्याजवळ बसली, पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसू लागली.

"दिसलं का?" शेवटी तो म्हणाला.

ती पुसत राहिली. तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही तर लई कमी करून सांगत व्हता," ती म्हणाली.

"थंडी लई हाय," म्हणत धर्मराजनं मफलर डोळ्यांवर ओढून घेतला. ऊन चांगलं तापलं होतं.