एका नावाचे दोन पत्ते

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, म्हणजे नाव एक आणि पत्ते दोन. जुन्या कार्डाची केबल नुकतीच काढली होती, आणि आज सकाळपासून सगळ्यांची बोंब, "सर्व्हर सापडत नाही." मी नाव टाकून पाहिलं, तर उत्तरात आधी जुनाच पत्ता आला. सर्व्हर धडधाकट होता, पंखा घरघरत होता. पण त्याला शोधणारा जो तो बंद दारावर जाऊन थांबत होता.

"मॅडम, केबल काढली की झालं, असं वाटलं मला," शेजारचा संदीप ओशाळून म्हणाला.

"नावापुढे जुन्या पत्त्याची नोंद राहते रे मागे," म्हणत मी ती पुसली. क्षणात सगळं सुरळीत झालं. यंत्राचं बरं असतं.

संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकवाला गेले. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी कुंकू लावता लावता विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"मिरज," माझ्या तोंडून लगेच निघालं.

आई गेल्यावर भावाने तिथलं घर विकलं. आता मिरजेला उतरले, तरी जायचं कुणाकडे?

"जाणं होतं का अधूनमधून?"

"होतं ना," मी म्हणाले, आणि पदरात घेतलेली ओटी सावरत उठले.